भंगाळेबाईंची छत्री

माझ्या दोन्ही कोपरांवर एकही खूण नाही. हे मी अभिमानानं सांगतेय असं कृपा करून समजू नका. आमच्या जळगावच्या कॉलेजात जी जी मुलगी खरोखर व्हॉलीबॉल खेळली, तिच्या कोपरावर नाहीतर गुडघ्यावर आज नातवंडं खेळवायच्या वयातसुद्धा एक फिकट चट्टा आहे. आम्ही जुन्या मैत्रिणी कुठल्या लग्नात भेटलो, की जेवणाच्या पंगतीत हळूच बाह्या वर सरकतात. मी मात्र तेव्हा वाढपी शोधायला उठते.

टीमचा फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. त्यात मी मागच्या रांगेत, अगदी कडेला, हातात बॉलची जाळीची पिशवी घेऊन उभी आहे. भाचरं विचारतात, "मावशी, तू कुठं खेळायचीस?" मी सांगते, "राखीव." धाकट्या भाच्याला बरीच वर्षं वाटायचं की राखीव ही फार मोलाची जागा असावी, ऐन वेळेसाठी जपून ठेवलेली. त्याचा हा समज मी स्वतः होऊन कधी दूर केला नाही. पुढं तो आपोआप मोठा झाला.

त्याच फोटोत मधोमध खुर्चीवर एक ठेंगण्या, गोलसर बाई बसल्या आहेत. सुती पातळ, खोचलेला पदर, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि मांडीवर आडवी ठेवलेली काळी छत्री. त्या आमच्या भंगाळेबाई.

बाई आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या सावद्याच्या, केळीच्या मळ्यातल्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी स्वच्छ असे. राग आला की मात्र ती सरळ सावद्याची गाडी पकडायची. "कसाले उभी राह्यली वं तिथी? मुळं फुटली का काय तुले?" हे वाक्य मी माझ्या नशिबानं सर्वांत जास्त वेळा ऐकलं. मला खरोखरच मुळं फुटायची. बॉल माझ्याकडे यायला लागला की माझे पाय जमिनीत उतरायचे आणि मी मोठ्या कुतूहलानं बघत राहायची, की आता हा कुठं पडतो.

ती छत्री बाईंच्या हातात बारा महिने असायची, पण उघडलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. चैत्रातल्या उन्हात त्या डोक्यावर पदर घेत, पावसात रुमाल बांधत, आणि छत्री बगलेत. छत्रीनं त्या मैदानावर रेघा ओढायच्या. जाळीची उंची छत्रीनंच मापायच्या. कोण कुठं उभं राहायचं ते छत्रीच्या टोकानं दाखवायच्या, आणि चुकलं की तेच टोक जमिनीवर दोनदा आपटायच्या. एकदा धो धो पावसात मी न राहवून म्हटलं, "बाई, छत्री उघडा ना." तर म्हणाल्या, "उघडली की समोरचं दिसत नाही. भिजलं तर वाळता येतं."

स्वतः बाई आयुष्यात एकही मॅच खेळल्या नव्हत्या. लहानपणी सावद्याला त्यांचे भाऊ मळ्यालगतच्या मोकळ्या जागेत, केळीच्या सोपटाच्या दोरीची जाळी बांधून खेळत, आणि बाई लांब गेलेला बॉल आणून देत. तेवढंच. बॉल आणून देता देता त्यांनी खेळ शिकून घेतला. हे त्यांनी सगळ्या टीममध्ये फक्त मला सांगितलं होतं, तेही मी एकदा "बाई, मला काढून टाका, मला काही येत नाही," असं रडत म्हटल्यावर. "मी पण बॉलच आणायची," त्या म्हणाल्या, "ती पिशवी उचल."

आता मुली मिळवणं हे त्या काळी खेळ शिकवण्यापेक्षा अवघड काम होतं. साठीचं दशक निम्मं सरलं होतं. मुलींना कॉलेजात पाठवलं हेच खूप झालं, असं मानणारी घरं. त्यांत पुन्हा मैदानावर उड्या मारायच्या! बाई घरोघर जायच्या. मी धरणगावची, जळगावात शिकायला मामांकडे राहत होते. मामा कोर्टात कारकून. ते घरातसुद्धा साक्षीदार तपासल्यासारखे बोलायचे. बाई आल्या, पाटावर बसल्या, छत्री मांडीवर आडवी ठेवली. मामीनं चहा आणला. बाईंनी बशी उलटी करून कपावर झाकली.

"आधी उत्तर, मग चहा."

मामा म्हणाले, "खेळून काय होणार हिचं?"

"घाम येईल."

"आणि लागलं-बिगलं तर? उद्या हिचं लग्न करायचंय आम्हाला."

"ओरखडासुद्धा येणार नाही. माझा शब्द."

मामांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिला येतं तरी का काही?"

"काही नाही येत," बाई म्हणाल्या. "पण उंच आहे. उंची काही मला शिकवता यायची नाही. बाकीचं बघून घेईन."

मामांना हसू आवरलं नाही आणि बाईंनी कपावरची बशी काढली. वर अजून एक कप मागून घेतला. बाईंची हीच रीत. होकार आल्याशिवाय कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. 'ओरखडासुद्धा येणार नाही' हा शब्द त्यांनी अशा किती घरी दिला असेल कोण जाणे. त्या शब्दावरच आमची टीम उभी होती. घरच्यांना व्हॉलीबॉल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण भंगाळेबाई शब्द मोडत नाहीत हे माहीत होतं. उरलेला तपशील असा, की तो शब्द एकट्या माझ्या बाबतीत शेवटपर्यंत तंतोतंत पाळला गेला.

मुली मिळाल्या, पण मैदान नव्हतं. कॉलेजचं मैदान मुलांचं. क्रीडा समितीतले एक सद्गृहस्थ म्हणाले, "मुलींना रिंग द्या की खेळायला, फार छान खेळ आहे." बाईंनी छत्री उचलली. दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या एका जिनात जाऊन तिथल्या मालकांपुढे बसल्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. दिवाळीपासून पुढं तिथं गाड्यांच्या रांगा लागतात आणि अंगणात कापसाचे डोंगर उभे राहतात. एरवी ते भलंमोठं, चारी बाजूंनी भिंत असलेलं अंगण मोकळंच असतं.

मालकांना सगळं गाव काकाजी म्हणे. मूळचे मारवाडातले, पण तीन पिढ्या इथल्याच. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. त्यांची नात विमला आमच्याच वर्गात होती. एवढीशी, काडीसारखी, पण हात असे की बॉल तिच्या बोटांवर क्षणभर बसून मग उठतो आहे असं वाटावं. ती आमची बूस्टर, म्हणजे दुसरीला मारता यावा म्हणून बॉल उंच चढवून देणारी. काकाजींनी अंगण द्यायचं कबूल केलं, एका अटीवर.

"बाई, आमच्या पोरीला खरोच आली नाही पाहिजे. एक बी. तिचं बघायचं चालू आहे."

"शब्द," बाई म्हणाल्या.

काकाजींनी मागच्या छोट्या फाटकाची किल्ली दिली. बाईंनी ती छत्रीच्या दांड्याला दोऱ्यानं बांधली आणि चहा मागितला.

दिवाळीपर्यंत सगळं बरं चाललं. मग कापूस यायला लागला आणि अंगण रोज थोडं थोडं लहान होत गेलं. शेवटी जाळी बांधायला एक कोपरा उरला, आणि त्या कोपऱ्यात पाऊस लागून डागी झालेल्या, पिवळट कापसाचा एक ढीग. जिनातले मुनीमजी म्हणाले, "तो माल वेगळा ठेवलाय, त्याचं नंतर बघू." बाई त्या ढिगाकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, नेच्यांच्या बरण्यांच्या वर, बाईंनी कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं एक चित्र चिकटवलं होतं. एक जपानी मुलगी जमिनीवर पालथी, लांबच लांब पसरलेली, आणि तिच्या मुठीवरून बॉल नुकताच वर उठलेला. आम्हाला वाटायचं ती पडली आहे. बाई म्हणायच्या, "पडली नाही. गेली आहे. बॉल जिथं होता तिथं गेली आहे." ते चित्र आम्हाला शिकवायची त्यांची फार इच्छा होती, पण दिलेला शब्द आडवा येत होता. जमिनीवर झेप घेतली की कातडं जाणार. आणि आता समोर ढीगभर कापूस.

त्या दिवसापासून आम्ही कापसात झेपा घ्यायला शिकलो. बाई लांबून बॉल टाकायच्या आणि छत्री आपटायच्या, "जा!" की विमला जायची. मग शकुंतला, मग मंदा. नुसता धप्प असा मऊ आवाज, आणि बॉल वर. सुरुवातीला आम्ही डोळे मिटून पडायचो. मग भीती गेली. पुढं पुढं तर मुली इतक्या मजेत झेपावू लागल्या, की बॉल नसला तरी जायच्या. मीसुद्धा गेले एकदा. माझ्या उंचीमुळे मी ढिगाच्या पलीकडे, मुनीमजींच्या बाकड्यापाशी पोचले. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बाईसाब, हिला राहू द्या."

संध्याकाळी घरी जाताना आमच्या केसांत, भुवयांत, ओढणीत सगळीकडे कापूस. मामा दारात उभे राहून म्हणायचे, "आलीस का म्हातारी होऊन?" पण अंगावर ओरखडा? शोधून सापडला नसता.

आणि बाई सरावानंतर आम्हाला ढिगाभोवती बसवून केळीचं सांगायच्या. "केळीला खोड नसतं गं मुलींनो. ते जे उभं दिसतं ना, ती नुसती पानं आहेत. एकमेकींना घट्ट धरून बसलेली. एकेक सोडवत गेलात तर शेवटी आत काही सापडत नाही. पण धरून आहेत तोवर केवढा घड पेलतात!" याचा व्हॉलीबॉलशी काय संबंध हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

पहिली मोठी स्पर्धा धुळ्याला होती. एसटीनं एरंडोल, पारोळा करत आम्ही पोचलो. धुळ्याच्या मुली आधीच मैदानावर होत्या, आखूड चड्ड्या आणि गुडघ्यांना जाड पट्टे. आम्ही सलवार-कुडत्यात, ओढण्या कमरेला आवळून बांधलेल्या. शकुंतला माझ्या कानात म्हणाली, "यांच्या गुडघ्यांना काय झालंय गं सगळ्यांच्या?" पट्टे पडल्यावर लागू नये म्हणून असतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आमच्या लेखी पडणं म्हणजे कापसात पडणं.

बाईंनी मात्र मैदान पाहिलं. छत्रीचं टोक जमिनीत खुपसून पाहिलं, ते शिरेना. खडखडीत मुरूम होता. त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं.

"आज कुणी झेप घ्यायची नाही. उभ्यानं खेळा. बॉल गेला तर जाऊ द्या."

"बाई, पण..." विमला म्हणाली.

"मी शब्द दिलाय."

पहिला डाव आम्ही उभ्यानं खेळलो आणि उभ्यानंच हरलो. धुळ्याच्या मुली बॉल असा अलगद जाळीलगत टाकायच्या, की कापसात असतं तर कुणीही उचलला असता. तिथं आमच्या सहाजणी नुसत्या बघत राहायच्या. निदान मुळं फुटलेली मी एकटीच नाही, एवढं समाधान मला बाकावर बसल्या बसल्या लाभलं. मध्ये मला एकदा सर्व्हिसला आत पाठवलं. बॉल जाळीत गेला. परत आले तर बाई म्हणाल्या, "जाळी नीट बांधलीय ते कळलं. बस आता."

दुसऱ्या डावात ते झालं. बॉल लांब, मैदानाच्या कडेला पडायला निघाला, आणि विमला गेली. विचार करून गेली नाही. महिनाभर अंगात मुरलेली सवय तिला घेऊन गेली. पण धप्प आवाज आला नाही. खरर्र असा आवाज आला. बॉल मात्र वर होता. मंदानं तो मारला आणि पॉइंट आमचा.

विमला उठली. कुडत्याची बाही फाटली होती आणि कोपरातून रक्त मुरमावर ठिबकत होतं. धुळ्याची एक म्हातारी कडेला बसून बघत होती, ती ओरडली, "काय वं माय, लागनं का?" आणि तिच्या शेजारचा एकजण म्हणाला, "या जयगावन्या पोरी शेतस का घोरपडी?" म्हणजे, या पोरी आहेत का घोरपडी. सगळे हसले.

विमला हसली नाही. तिनं कोपर ओढणीला पुसलं आणि बाईंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आमच्या सगळ्यांच्याच माना बाईंकडे वळल्या. एक शब्द काढला असता बाईंनी, छत्री एकदा जमिनीवर आपटली असती, तर विमला पुन्हा गेली नसती. आणि मग तो डाव, ती टीम, ते चित्र, सगळं तिथंच उभ्यानं राहिलं असतं. उलट, गप्प राहिल्या तर घरोघर दिलेला शब्द त्यांच्या देखत मोडणार होता.

बाई उठल्या. दोन पावलं मागं गेल्या. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती छत्री उघडली.

ती उघडताना कर्रकन वाजली. आतून सुकलेल्या पानांचा चुरा पडला. बाईंनी छत्री डोक्यावर नाही धरली. तोंडासमोर धरली, ढालीसारखी. आम्हाला दिसत होते फक्त कॅनव्हासचे बूट.

पंच म्हणाले, "बाई, ऊन कुठंय?"

छत्रीमागून आवाज आला, "मला लागतं."

विमलानं एकदाच मान हलवली आणि जागेवर गेली. त्यानंतर काय झालं ते मी बाकावरून पाहिलं आहे आणि अजून कधी कधी झोपायच्या आधी पाहते. विमला गेली, शकुंतला गेली, मंदा गेली. पडत होत्या, उठत होत्या, पुन्हा जात होत्या. मघाची म्हातारी आता आमच्या बाजूनं ओरडत होती. तो डाव आम्ही जिंकलो. शेवटचा थोडक्यात हरलो. संपल्याची शिट्टी झाली तेव्हा बाईंनी छत्री मिटली. त्यांनी कोण जिंकलं असं विचारलं नाही. पिशवीतून हळद काढली आणि एकेकीचं कोपर पुढं घेतलं. हळद त्या घरून घेऊन आल्या होत्या.

परतीच्या एसटीत विमला म्हणाली, "बाई, मी घरी सांगते जिन्यावरून पडले."

"नाही."

"अंगण जाईल, बाई."

"जाईल."

जळगावला उतरल्यावर बाई आधी काकाजींकडेच गेल्या. विमला बरोबर होतीच. मी पिशवी घेऊन मागं. काकाजी गादीवर लोडाला टेकून बसले होते. पाण्याचा तांब्या आला, बाईंनी त्याला हात लावला नाही.

"काकाजी, मी शब्द दिला होता. मोडला."

काकाजींनी नातीच्या कोपराकडे पाहिलं. हळदीनं माखलेला रुमाल. "पडली?"

"पहिल्यांदा चुकून. नंतर मी पडू दिली."

"पडू दिली? तुमी?"

"अडवता आलं असतं. नाही अडवलं. छत्री आड धरली."

काकाजींनी मिशांवरून हात फिरवला. मग विचारलं, "जिंकलात?"

"नाही."

"म्हणजे खरोच पण, हार पण." त्यांनी मान हलवली. "बाई, असा सौदा कुनी करतं का?"

बाईंनी छत्रीच्या दांड्याचा दोरा सोडला, किल्ली गादीवर ठेवली आणि उठल्या. नंतर त्या इतर घरीही गेल्या, एकेका दारात उभ्या राहून तेच सांगितलं. माझ्या मामांकडेही आल्या. मामा म्हणाले, "पण आमच्या हिला तर काहीच झालेलं नाही!" बाई म्हणाल्या, "तरी सांगायला हवं."

पुढचे काही दिवस मेहरुणच्या तलावाकाठी आम्ही उरल्यासुरल्या खेळलो. बॉल सारखा पाण्यात जायचा आणि तो आणायचं काम अर्थातच माझ्याकडे. विमला नव्हती, तिला घरातून बाहेर सोडत नव्हते. बाई पूर्वीसारख्याच छत्री आपटायच्या, पण तिच्या दांड्याला नुसता दोरा लोंबत होता, आणि तो सोडून टाकायचं त्यांच्या मनात येत नव्हतं.

पुढं काय झालं ते विमलानं आम्हाला नंतर सांगितलं, आणि ती नक्कल करून सांगायची म्हणून माझ्या जसंच्या तसं ध्यानात आहे. अमळनेरकडची मंडळी तिला बघायला आली होती. ती चहाचा ट्रे घेऊन गेली, पदर सरकला, आणि मुलाच्या आत्याची नजर नेमकी कोपरावर. खपली धरलेली, चांगली हाताच्या पंजाएवढी.

"ये क्या हुआ बिटिया को?"

विमलाची दादी 'जिना' हा शब्द उच्चारणार, एवढ्यात काकाजी बोलले.

"व्हॉलीबॉल खेलती है. धुलिया में गिरी थी."

आत्याबाईंच्या भुवया वर गेल्या. काकाजींनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि पुढं म्हणाले, "जितनी बार गिरी, गेंद उठाके उठी."

ते स्थळ फिसकटलं. पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. श्रेय आम्ही मात्र कोपराला दिलं. दुसऱ्या दिवशी मुनीमजी प्रयोगशाळेत आले. बरण्यांच्या रांगेत ते फार अवघडून उभे होते. त्यांनी कोटाच्या खिशातून एक कापसाचा पुंजका काढून टेबलावर ठेवला. आत किल्ली होती.

"काकाजींनी सांगितलंय, डागी मालाचा ढीग तिथंच ठेवलाय. आनि म्हनाले, बाईंना सांग, जो पाळायचा तोच शब्द देत जा."

बाईंनी किल्ली दोऱ्याला बांधली. गाठ घट्ट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं. मग शिपायाला हाक मारली, "अरे, मुनीमजींना चहा आण. मला पण."

त्यानंतरची वर्षं सांगायला बसले तर ते कॉलेजच्या अहवालासारखं होईल. पुढच्या हंगामात आम्ही धुळ्यालाच जिंकलो. मग एकदा जिंकायची सवय लागल्यावर आमच्या कॉलेजच्या मुली वर्षामागून वर्षं जिंकतच गेल्या. ढाली ठेवायला प्राचार्यांच्या खोलीत जागा उरली नाही म्हणून त्या नेच्यांच्या बरण्यांशेजारी येऊन बसल्या. रावेर, सावदा, धरणगावकडून मुली येऊ लागल्या. लांबून येणाऱ्या टीमना आमच्या मुलींचं एक कोडं कधी सुटलं नाही, की या पडताना घाबरत कशा नाहीत. जिनाच्या कोपऱ्यात दर दिवाळीनंतर डागी कापसाचा एक ढीग वेगळा काढून ठेवायचा असतो, हा तिथल्या हमालांनाही नियमच वाटू लागला होता. विमलाचं लग्न पुढं अकोल्याला झालं. काकाजी तेव्हा हयात नव्हते.

माझंही झालं, आणि सासर जळगावातलंच मिळालं. सत्तरीचं दशक संपत आलं तेव्हा माझी धाकटी नणंद कॉलेजात जाऊ लागली. एक दिवस दारात बघते तर कॅनव्हासचे बूट. बाई पाटावर बसल्या, छत्री मांडीवर आडवी. केस पांढरे झाले होते, जणू आत्ताच कापसातून उठून आल्या आहेत. मी चहा आणला, त्यांनी बशी झाकली. मला बघून ओळखीचं हसल्यासुद्धा नाहीत, काम आधी.

सासूबाई म्हणाल्या, "पोरीला लागलं तर हो बाई?"

बाई म्हणाल्या, "पडेल. लागेल. घरी मी आणून सोडीन. माझा शब्द."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू पण यांच्याकडेच होतीस ना गं? तुला तर कुठं काही लागलेलं नाही."

"ती राखीव होती," बाई म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "सगळ्यांचं खरचटलेलं तिनंच धुतलंय."

हे मला माझ्याबद्दल ठाऊक नव्हतं. म्हणजे धुतलं होतं, पण कुणी पाहिलं असेल असं वाटलं नव्हतं.

त्या वर्षीची मॅच जळगावातच होती. बाईंचं ते शेवटचं वर्ष. निवृत्त होऊन त्या सावद्याला भावाच्या मळ्यात जाणार होत्या. सासूबाईंनी हट्टानं यायचं ठरवलं. आम्ही कडेच्या बाकावर बसलो, बाई आमच्या शेजारीच. सामना अटीतटीला आला आणि बॉल लांब, कडेला, आमच्याच बाजूला पडायला निघाला. माझ्या नणंदेनं एकदा आईकडे मान वळवली. मला कळलं. बाईंनाही कळलं.

कर्रकन आवाज झाला. बाईंनी छत्री उघडली होती आणि ती या खेपेला स्वतःच्या नव्हे, माझ्या सासूबाईंच्या तोंडापुढं धरली होती.

"ऊन लागतंय तुम्हाला," बाई म्हणाल्या.

सूर्य केव्हाचा जिनाच्या धुराड्यामागं गेला होता. मैदानावर ओळखीचा खरर्र आवाज झाला, लोक ओरडले. सासूबाईंनी दोन बोटांनी छत्रीची कड धरली, हळूच खाली वाकवली आणि वरून पाहिलं. बघतच राहिल्या.

बाईंनी मग छत्री मिटली. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, एखाद्या मुलीसारखं. हसता हसताच त्यांनी छत्रीच्या टोकानं माझ्या पायाशी पडलेली पिशवी दाखवली.

बॉल लांब गेला होता. मी उठले आणि आणायला गेले.